उलटे चालणारे मास्तर

मास्तर उलटे चालत. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांढरा लेंगा-सदरा घातलेला, फुगीर गालांचा, साठी ओलांडलेला एक माणूस रहदारीकडे पाठ करून मागं मागं जाताना तुम्ही पाहिला असेल, तर ते आमचे मास्तर. सगळं आयुष्य लग्नाच्या वरातीत बँडच्या पुढं, बँडकडे तोंड करून चालल्यामुळे त्यांना सरळ चालणं जमेनासं झालं होतं म्हणा, किंवा सरळ चालण्यात त्यांना गंमत वाटत नसे म्हणा. किराणा आणायला निघाले आणि सोबत कुणी असलं, की थोड्याच पावलांत ते गर्रकन वळायचे आणि तुमच्याकडे बघून बोलत बोलत मागं सरकायचे. खड्डा, शेण, समोरून येणारी एसटी, सगळं त्यांना पाठीनं कळे. घाबरून कुणी हात धरला तर म्हणत, "माज्या पाठीला डोळे हायेत. पुढच्या डोळ्यांनी मानसं बगायची, मागच्यांनी रस्ता."

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथंच राहिलं. बेडसे, कामशेत, पवनेचा सगळा पट्टा त्यांना मास्तरच म्हणे. शाळेतल्या मास्तरांना लोक 'सर' म्हणायला लागल्यापासून आमच्याकडे 'मास्तर' हा शब्द बँडवाल्यांना मोकळा मिळाला आहे. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतेय.

बँड तसा आमचाही आहे, पण त्याला वरातीत कुणी बोलावणार नाही. ओंकार गिटार वाजवतो, सुमेध ड्रम वाजवतो आणि मी बेस गिटार. गायक नाही, शब्द नाहीत. एक सूर धरायचा, त्यावर दुसरा ठेवायचा, हळूहळू चढवत न्यायचं आणि ऐकणाऱ्याचा धीर सुटायच्या बेताला सगळं एकदम अंगावर सोडायचं. या प्रकाराला जगात पोस्ट-रॉक म्हणतात. माझी आई त्याला 'तुमचं ते' म्हणते. नोकऱ्या सांभाळून, सुट्ट्या वाचवून, 'आमच्या त्या'चा एक अख्खा अल्बम करायचा असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं, आणि तो करायला जागा मिळत नव्हती.

पहिला प्रयत्न ओंकारच्या घोरावाडी स्टेशनाजवळच्या फ्लॅटमध्ये झाला. तिथं प्रत्येक हळुवार जागेवर लोणावळ्याची गाडी येऊन थांबायची आणि भोंगा देऊन निघायची. दुसरा प्रयत्न कुरवंड्यातल्या एका ओळखीच्या बंगल्यात. तिथं शेजारच्या बंगल्यात दर शनिवारी मुंबईची मंडळी येत आणि आमच्यापेक्षा मोठे स्पीकर आणत. आम्ही रडकुंडीला आलो होतो. अशात सुमेध एका धूनसाठी जुना ढोल मागायला मास्तरांकडे गेला आणि ढोल न घेताच धावत परत आला. म्हणाला, "खोली बघा आधी."

खोली म्हणजे बेडशाच्या अलीकडे, मास्तरांच्या घराला चिकटून, भातखाचरांना लागून असलेलं त्यांच्या बँडचं गोदाम. चारी भिंतींना लाल मखमली युनिफॉर्म टांगलेले, सोनेरी झालरीचे, एकावर एक दाटीवाटीनं. कोपऱ्यात वादकांच्या गाद्यांची थप्पी. मी आत जाऊन टाळी वाजवली तर टाळी हातातच विरली. असं आवाज गिळणारं अस्तर लावायला पुण्यातले स्टुडिओवाले काय काय करतात, आणि इथं ते नवरदेवांच्या कृपेनं फुकट टांगलेलं होतं. वर पत्रा होता, एवढीच भानगड. पाऊस आला की रेकॉर्डिंग बंद, आणि मावळात पावसाळ्यात पाऊस येणार नाही तर काय होणार.

पण गोदाम पावसाळ्यातच रिकामं असायचं. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत, म्हणून बँडही नाही. "आषाढ लागला की बेडूक आन् आमी जागा बदलतो," मास्तर म्हणत. "ते वाजवत्यात, आमी गप." भाड्याचं विचारलं तेव्हा त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. चाचींनी आमच्याकडे खालून वर एकदा पाहिलं आणि विषय मिटवला: "बंद खोलीत कपड्यांना वास मारतो. रोज येऊन दार उघडत जावा, तेवढं लय झालं."

पहिल्या दिवसापासून मास्तर कोपऱ्यातल्या गाद्यांवर येऊन बसायला लागले. "मी आपला कडंला बसतो," असं म्हणून ते बसत आणि थोड्या वेळानं त्यांना राहवत नसे. आमची एक धून बराच वेळ एकाच सुरावर घुटमळायची. ती पहिल्यांदा ऐकल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "नवरदेव कुटं अडलाय?"

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. वरातीत धून लांबते कधी, तर पुढं काहीतरी अडलेलं असतं तेव्हा. घोडं बिथरलंय, करवल्या मागं राहिल्यात, मामा रुसलाय. तोवर बँडवाल्यानं तीच ओळ फिरवत ठेवायची, थांबायचं नाही आणि पुढंही जायचं नाही. "तुमचं बी तसंच दिसतंय," ते म्हणाले. "फकस्त नवरदेव दिसंना, म्हनून इचारलं."

त्यानंतर आमच्या प्रत्येक धुनीवर त्यांची वरात निघायची. आम्ही वाजवत असू आणि ते डोळे मिटून, मान डोलावत सांगत असत, "निगाली वेशीतनं... आली पान्याच्या टाकीपाशी... आता पोरं नाचनार, हितं जरा दमानं." सुमेधला हसू आवरायचं नाही आणि घेतलेलं रेकॉर्डिंग वाया जायचं. ओंकार आधी वैतागला. पण आमच्या धुनींना नावं नव्हती, नुसते आकडे होते, आणि काही दिवसांत आम्हीच एकमेकांना म्हणायला लागलो, "टाकी परत घेऊ या का? वेशीत ड्रम घसरलाय." शेवटी अल्बमवर तीच नावं गेली. 'वेस', 'पाण्याची टाकी', 'रुसलेला मामा', आणि शेवटची, सगळ्यांत लांब, 'मांडवाचं दार'. परदेशातल्या एका श्रोत्यानं आम्हाला विचारलं होतं की 'रुसलेला मामा' ही कुठल्या पुराणातली कथा आहे. सुमेधनं त्याला काय उत्तर पाठवलं ते मी विचारलेलं नाही.

मास्तर स्वतः क्लॅरिओनेट वाजवत. बँड त्यांच्या वडिलांनी उभा केलेला. त्या वडिलांविषयी बोलताना मास्तरांचा आवाज आपोआप खाली यायचा. "अब्बा कलावंत व्हते. मी कारागीर," असं ते सांगत, आणि त्यात तक्रार नसे, खोटा विनयही नसे. माणूस आपली उंची सांगतो तसं सांगत. अब्बांनी सूर लावला की पंगतीत वाढपी थांबायचे म्हणे. पण त्यांचं वाजवणं कुठं टिपलेलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं ती माणसंही आता संपत आली होती.

टिपलेलं तर मास्तरांचंही नव्हतं, आणि त्यांना मनापासून काही सलत असेल तर ते हेच. तुम्ही म्हणाल, लग्नात व्हिडिओवाला असतो की. असतो, आणि तो बँडचं चित्र झकास घेतो. मग घरी जाऊन त्यातला आवाज काढून टाकतो आणि वर सिनेमाचं गाणं चढवतो. मावळातल्या कितीतरी घरांत मास्तर गाल फुगवून वाजवताना दिसतात आणि ऐकू येतात शंभर व्हायोलिनं. "गाल माजे, आवाज मुंबईचा," मास्तर म्हणायचे. मोबाईलवर पोरं टिपायची, पण त्यात ढोल आणि शिट्ट्यांखाली क्लॅरिओनेट मुंगीएवढीही ऐकू यायची नाही. स्वतःचं वाजवणं या माणसानं जन्मात कधी बाहेरून ऐकलं नव्हतं. एकदा बोलता बोलता ते म्हणून गेले, "मी कसा वाजवतो, ते सगळ्या तालुक्याला ठाव. मला सोडून."

आणि आता दात हलायला लागले होते. वरचे पुढचे. क्लॅरिओनेटचं टोक त्याच दातांवर टेकवून वाजवतात. ते दात गेले की कवळी बसते, पण सूर पूर्वीचा बसत नाही, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या बिरादरीतल्या दोन वादकांचं त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे डॉक्टरकडे जायचं ते टाळत होते. भाकरी दुधात कुस्करून खायचे, चिकन बघून उसासे टाकायचे. चाचींचा संताप व्हायचा. "खायला दात न्हाईत, आन् वाजवायला जपून ठेवल्यात," असं त्या आम्हाला साक्षीला ठेवून म्हणत. शेवटी त्यांनी परस्पर तळेगावच्या डॉक्टरकडे दात काढायला बुधवार ठरवून टाकला.

मास्तरांना आमच्या अल्बमवर वाजवायचं होतं, हे सांगायला आता कुणाची गरज नव्हती. ते मात्र मागत नव्हते. मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बोलावल्याशिवाय लग्नाला जाणारा बँड कुणी पाहिलाय का. मी विषय काढला तर ओंकार म्हणाला, "मलाही मास्तर आवडतात. पण क्लॅरिओनेट वाजली की लोकांना जिलेबी आठवते." मी म्हटलं, मग आठवू दे, जिलेबी काय वाईट आहे. आमचं तिथंच अडलं. तिकडे 'मांडवाचं दार'च्या शेवटाला काहीतरी हवं होतं, ते ओंकारला महिनाभर सापडत नव्हतं. गिटारीवर गिटारी चढवून झाल्या होत्या.

रविवारी दुपारी पाऊस थांबला होता आणि आम्ही जेवत बसलो होतो. बाहेर ओट्यावर मास्तरांनी क्लॅरिओनेट जोडली आणि खालचा एक सूर लावला. लांब, भरदार, कडेला जरासा खरखरीत. धून नव्हतीच, नुसता सूर. तो संपला तेव्हा ओंकारचा घास तसाच हातात होता. तो बाहेर गेला आणि म्हणाला, "मास्तर, हे काय होतं?"

"काय न्हाई," मास्तर ओशाळून म्हणाले. "दातात कळ जाती का बगत व्हतो."

"हेच आमच्या शेवटाला वाजवाल का?"

मास्तरांनी वाद्य मांडीवर ठेवलं. मग आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "बुदवारच्या आत घ्याल का?"

सोमवारी पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आम्ही दिवसभर चहा पीत बसून राहिलो. मास्तर दर थोड्या वेळानं दारात जाऊन डोंगराकडे बघायचे, आणि डोंगर दिसत नाही असं सांगायला आत यायचे. त्या दिवशी या येरझाऱ्यांत ते एकदाही उलटे चालले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

मंगळवारी दुपारी उघडलं. मास्तर आत आले ते पूर्ण युनिफॉर्ममध्ये. लाल कोट, खांद्यावर झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. सुमेधनं हळूच सांगितलं, "मास्तर, चित्र नाही घ्यायचं, फक्त आवाज." ते म्हणाले, "कोट नसला की छाती भरत न्हाई." मग टोपीवरून हेडफोन बसेना, तो आम्ही हनुवटीखालून फिरवून बांधला.

आणि त्यांना सुरुवातच सापडेना. ओंकारनं मात्रा मोजून सांगितल्या, ते घुटमळले. सुमेधनं मानेनं खूण केली, ते आधीच घुसले. कपाळावर घाम आला. दोनदा, तीनदा तेच. पाऊस परत कधी येईल याचा नेम नव्हता. शेवटी ते म्हणाले, "पोरी, मोजून न्हाई जमायचं. मला सावधान पायजे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नात बँडवाला मांडवाबाहेर उभा असतो. आत मंगलाष्टकं चालू असतात. प्रत्येक कडव्याला 'सावधान' येतं, आणि नवशिका बँड पहिल्याच सावधानला धडाधडा वाजवून मोकळा होतो. नवरी अजून अंतरपाटाआड आणि बाहेर जल्लोष. मुरलेला मास्तर भटजींच्या आवाजावरून ओळखतो की हे शेवटचं. एवढी वर्षं या माणसाची छाती त्या एका शब्दावर भरत आली होती, आणि आम्ही त्याला एक-दोन-तीन-चार शिकवत होतो.

मंगलाष्टकं मला पाठ आहेत; आमच्या घरच्या लग्नांत आत्याच्या जोडीला मीच उभी असते. बेस गळ्यातून उतरवून ठेवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मी तो वाजवत वाजवतच फक्त मास्तरांच्या हेडफोनमध्ये जाणाऱ्या माइकपाशी सरकले. धून चढत गेली. मी एक कडवं म्हटलं, सावधान म्हटलं. मास्तर हलले नाहीत, नुसते गालात हसले. दुसरं म्हटलं. तिसऱ्याला मी आवाज आत्यासारखा ताणला, आणि मास्तरांनी छाती भरली.

शुभमंगल, सावधान.

काय वाजवलं त्यांनी ते मला शब्दांत सांगता येत नाही, आणि आमच्या अल्बममध्ये शब्द नाहीत ते बरंच आहे. ओंकार वाजवता वाजवता रडत होता आणि हसत होता. आमच्या हिशेबानं धून तिथून थोड्याच वेळात संपायची होती. पण लग्नातला बँड आपण होऊन थांबत नाही. हार घालून होतात, अक्षता संपतात, मग यजमानांपैकी कुणीतरी बाहेर येऊन हात वर करतं तेव्हा तो थांबतो. हात वर करणारं इथं कुणी नव्हतं. त्यामुळे मास्तर थांबेनात, आणि त्यांना थांबवायची आमची छाती होईना. आम्हीही त्यांच्यामागं वाजवत राहिलो. अखेर चहा गार होतोय म्हणून चाची दारात आल्या आणि त्यांनी 'पुरे' म्हणून हात वर केला. मास्तरांनी तिथल्या तिथं सूर तोडला. आमचा अल्बम ज्या जागी एकदम संपतो, आणि समीक्षकांनी ज्याला धाडसी वगैरे म्हटलंय, तिथं चाचींचा हात आहे.

ऐकायचं का, म्हणून ओंकारनं विचारलं, तर मास्तर नको म्हणाले. "आत्ता ऐकलं तर परत वाजवावं वाटंल. सगळं जालं की ऐकवा." बुधवारी दात निघाले.

कवळीवर त्यांनी क्लॅरिओनेट लावून पाहिली आणि स्वतःच डब्यात ठेवून दिली. पुढचे दोन हंगाम ते शिट्टी घेऊन बँडच्या पुढं चालले, अर्थातच उलटे, आणि मजेत चालले. चिकनही खाल्लं. तिसऱ्या वर्षी लग्नसराई संपता संपता ते गेले. दफनाला सगळा बँड युनिफॉर्म न घालता आला होता, आणि साध्या कपड्यांत कुणी कुणाला ओळखत नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते दिवाळीच्या आसपासचं, अल्बम पुण्याहून तयार होऊन आला तेव्हाचं. आम्ही एक स्पीकर घेऊन सकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो. भात कापणीला आला होता. मास्तर नव्या कवळीशी झटापट करत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी ती काढून खिशात टाकली आणि मोकळ्या तोंडानं हसले. आम्ही पहिल्यापासून लावलं. वेस आली, टाकी आली, मामा रुसला आणि समजूतही पटली. मास्तर मान डोलावत होते.

'मांडवाचं दार' सुरू झालं तसे ते सावरून बसले. धून चढत गेली आणि क्लॅरिओनेटचा तो सूर आला. मास्तरांची मान थांबली. ते स्पीकरकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "ह्यो कोन आनला तुमी?"

आम्हाला वाटलं चेष्टा करतायत.

"माजं ह्याच्या आदी का नंतर?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हात हलवला. "ऱ्हाऊ द्या. माजं काडलं तरी चालंल. ह्येच ठेवा. लय मोटा वाजवनारा हाय." मग त्यांचा चेहरा बदलला. घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं ए, भाएर ये लवकर. अब्बा वाजवत्यात."

चाची पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. सून म्हणून या घरात आल्यावर त्यांनी सासऱ्यांना बरीच वर्षं ऐकलं होतं. चौकटीला टेकून त्या ऐकत राहिल्या. "अब्बाच की," त्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावर सारखा केला, वडीलधारं माणूस समोर आल्यावर करतात तसा.

मी मास्तरांजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मास्तर, दुसरं कुणी नाही. हे तुम्हीच आहात. त्या मंगळवारचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओंकारकडे पाहिलं. ओंकारनं नुसती मान हलवली. धून संपेपर्यंत त्यांची बोटं मांडीवर, नसलेल्या वाद्यावर, जागच्या जागी पडत होती. सूर तुटला. मास्तरांनी दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं आणि बायकोकडे बघून, दात नसलेल्या तोंडानं, लाजत म्हणाले, "म्हंजे मी बी चांगलाच वाजवत व्हतो की गं."